कपाळावरची राख

आणीबाणी उठायच्या सुमारास बाबा भंडाऱ्याच्या दवाखान्यात तापाने फणफणत होते. मी खाटेभोवती नुसता येरझारा घालत होतो. केरळच्या एक नर्सबाई आल्या. त्यांच्या कपाळावर काळा फराटा होता. आई पदराने पुसायला गेली, "बाई, चुलीची काजळी लागली ना तुमाले."

त्यांनी तिचा हात अलगद धरला. "रहने दो, माँ. राख आहे. आज आम्हा ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार, उपासाचा. माणूस माती आहे, मातीत जाणार, हे आठवायचा दिवस."

रोग्यासमोर हे काय बोलणं! मी चिडलो. पण त्या कधीच सुई भरायला वळल्या होत्या. दिवसभर उपाशीपोटी पट्ट्या बदलत होत्या, नाडी पाहत होत्या. संध्याकाळी बाबांनी पेज मागितली.

कपाळावर राख घेऊन त्या बाईंनी माझ्या बापाला राख होऊ दिलं नाही.