ओबोनपूर्वीची फवारणी

हिसानो इगाराशी लहानपणी दोऱ्याच्या दोन टोकांना खडे बांधून आकाशात भिरकावी; भक्ष्य समजून झेपावलेला चतुर त्यात गुरफटून खाली येई. एचिगो प्रांतातल्या त्या गावात तिच्याइतका नेम कोणाचा नव्हता. मात्र पितर घरी येतात त्या ओबोनच्या दिवसांत तिने खड्यांना कधी हात लावला नाही. पितर चतुरांच्या पाठीवरून येतात, हे गावात सर्वांनाच ठाऊक होते. हिसानो ते गृहीत धरून वागे, एवढाच फरक.

युद्धात तिचा भाऊ सेइकिची दक्षिणेच्या समुद्रात बुडाला. घरी आलेल्या पेटीत अस्थींच्या जागी दगड होता. त्याचे घरी येणे उरले ते ओबोनपुरतेच.

पुढे खोडकिड्यावर नवे औषध आले. शेजारच्या गावात ते मारले, त्या ओबोनला तिथे एकही चतुर दिसला नाही. दुसऱ्या वर्षी शेतकरी संघाचा तोमेझो फवारायच्या शेतांत रोवायच्या लाल झेंड्या घेऊन तिच्या बांधावर आला. फवारणी ओबोनच्या आधी होणार होती.

"माझं शेत ओबोननंतर," हिसानो म्हणाली.

"अहो काकू, सगळ्या गावाची कीड तुमच्याकडे मुक्कामाला येईल. पितरांना बसून यायला काकडीचा घोडा करतातच की सगळे. तुम्हीही करा."

"सेइकिचीला घोड्यानं लाथ मारली होती. तो बसायचा नाही."

"मेल्यावरही?"

"तू मेल्यावर मुळा खाशील का? आईनं नाक दाबलं तरी गिळला नव्हतास."

तोमेझोने झेंड्या काखेत मारल्या. "भात गेलं तर माझ्या नावानं ओरडू नका."

ओबोन येईतो तिच्या लोंब्या पांढऱ्या पडू लागल्या. निम्मे पीक बुडणार, हे रस्त्यावरूनही दिसत होते. इतरांची शेते हिरवीगार आणि निःशब्द होती. चतुर उतरले ते तिच्याच शेतावर. संध्याकाळी एकेक करून माणसे बांधावर येऊन उभी राहिली. तोमेझो शेवटी आला आणि त्याने टोपी काढली.

"आई आली असेल का, बघतो."

"बघ. बांध तुडवू नकोस."

दरवर्षी अंगणातल्या काठीवर पहिला बसेल तो सेइकिची, असे ती मानी. यंदा साऱ्या गावाचे पितर एका शेतावर दाटले होते. तो त्यांत होता, याविषयी तिला शंका नव्हती. कोणता, ते मात्र ठरवता येईना. अंधारून येईपर्यंत ती पाहत राहिली. मग घरात जाऊन तिने दोन पाने वाढली.