आत्याचं पथ्य

आत्याला मी शेवटचं पाहिलं ते ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात. सकाळी मिळालेलं उकडलेलं अंडं तिने पदराआड धरून ठेवलं होतं. बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, खाटेशी आले तसं तिने ते त्यांच्या हातात दिलं. "खा रे दादा. तुजं पथ्य तसंबी मोडलेलंच हाय." बाबा हसले. अंडं सोलून त्यांनी तिथेच खाल्लं. त्याच आठवड्यात ती गेली...

डोळखांबच्या आमच्या पाड्यावर आम्ही एकाच घरात राहायचो. नवरा वारल्यापासून ती माहेरीच होती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, ते तिच्या हट्टामुळे. शहापूरला निघताना माझी वेणी तीच घालायची. "नीट बस गो, मास्तरला वाटंल रानातनं आली." मी म्हणायचे, "रानातूनच येते ना!" "मंग सांगू नको त्याला."

बाबा आणि आत्या, दोघांनाही दमा. मुरबाडच्या बाजारात बसणाऱ्या एका औषधवाल्याची पांढरी पूड दोघं एकाच पुडीतून घ्यायची. धाप कमी झाली, विश्वास बसला. त्याने पथ्य सांगितलं होतं... वर्षभर मासळी, अंडं, डाळ बंद. मोडलं तर औषध उलटतं. आत्या पेज आणि मिठावर राहिली. बाबांना मात्र सुका जवळा, ती वाळवलेली बारीक कोळंबी, सुटेना. बाजारातून जवळा आणून त्यांचा डबा आत्याच भरायची आणि वर बोलायची, "जीभ आवर दादा, औषध उलटंल." बाबा म्हणायचे, "उलटू दे. जवळा तर सुलटा जाईल पोटात!"

मग दोघांच्या तळव्यांवर टणक ठिपके उठले. बाबांचं तेवढ्यावर थांबलं. आत्याच्या अंगावर काळे डाग पसरले, पाय बधिर झाले, पोटात पाणी झालं. डॉक्टरांनी पूड तपासायला पाठवली. तिच्यात सोमल होता, म्हणजे आर्सेनिक. पूड बंद झाली. पथ्य तिने सोडलं नाही. डॉक्टर सांगून थकले, मीही सांगितलं. "वरीस भरू दे गो, मंग खाईन," एवढंच म्हणायची.

गेल्या आठवड्यात रसायनशास्त्राच्या तासाला सर शरीरातल्या अँटिऑक्सिडंटविषयी शिकवत होते. यकृतात ग्लुटाथिऑन नावाचं द्रव्य असतं. आर्सेनिकचं रूप बदलून ते लघवीवाटे बाहेर टाकायला ते मदत करतं, पेशींनाही त्याच्या माऱ्यापासून सावरतं. शरीर ते स्वतःच बनवतं, पण अंडं, मासळी, डाळ यांतल्या प्रथिनांपासून... माझं लिहिणं तिथेच थांबलं. तासानंतर मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. एवढ्यावरून कोण कशामुळे वाचलं, ते सांगता येत नाही." त्यांचं खरं असेल. पण मला ते अंडं दिसत राहतं.

परवा जेवताना बाबांनी विचारलं, "तू शिकतेस ना... एकच पूड आमी दोघांनी खाल्ली. तिनं तर पथ्य पाळलं. मंग तीच कशी गेली?"

"माहीत नाही, बाबा."

त्यांना वाचता येत नाही, म्हणून हे इथे लिहिता आलं.

तिने शेवटचा भरलेला जवळ्याचा डबा चुलीवरच्या फळीवर आहे. ती गेल्यापासून बाबा पेज आणि मीठच खातात. "तिचं वरीस भरायचं राह्यलंय," म्हणतात, "ते मी भरतो." मी रोज डबा काढून त्यांच्या पानाशी ठेवते. जेवण झालं की ते उठतात आणि झाकण न उघडता तो परत फळीवर ठेवतात.