शिंपिणीने शिवलेलं रीळ

मी थेटरात तिकीट खिडकीवर बसायचे. जिन्याखालच्या खोलीत सिनेमाचं मशीन चालवणारा ऑपरेटर आणि त्याची बायको राहायचे. तो बडबड्या, बाटलीच्या नादाचा. ती मोजकं बोलणारी, लोकांचे कपडे शिवून घर चालवणारी. सगळे तिला शिंपीणच म्हणत. देवाने ही जोडी कुठल्या घाईत जुळवली, असं मला वाटायचं.

त्याच्या पिण्यापायी दोनदा खेळ बंद पडला, तेव्हा मालकांनी त्याला बजावलं, "पुन्हा असं झालं तर खोली रिकामी करायची."

त्यानंतर आठवड्याभरातच दुपारच्या खेळाला ऑपरेटर उठेना. शिंपीण मला घेऊन मशीनच्या खोलीत गेली. रोज डबा देताना तिने सगळं पाहून ठेवलेलं. पण रीळ मधेच फाटलेलं निघालं. बाई सुईदोरा घेऊन बसली! कापडासारखं एक टोक दुसऱ्यावर चढवून बारीक टाके घातले.

"अगं, चालेल का हे?"

"माझी शिवण आजवर उसवलेली नाही, ताई."

अर्ध्या तासाने टाका मशीनमध्ये अडकला. रीळ जळू नये म्हणून तिने झटकन दिव्याची झडप पाडली. अंधार, शिट्ट्या. मी देवाचं नाव घेतलं. त्या गोंगाटाने ऑपरेटर धडपडत वर आला आणि रीळ बघून पोट धरून हसला.

"अगं, ही काय बंडी आहे? टोकाला टोक लागलं पाहिजे, भोकं सरळ ओळीत यायला हवीत!"

"हसू नका. तुमचे हात थरथरतायत. नुसतं सांगा, मी करते."

त्याने सांगितलं, तिने टाके उसवून पट्टी चिकटवली. पडदा उजळला, तोच मालक दारात.

"साहेब, वीज गेली होती..." ऑपरेटर सुरू झाला.

"वीज नाही गेली," शिंपीण म्हणाली. "हे झोपले होते. मी शिवलं ते चुकलं, जोडलं ते बरोबर. उद्यापासून मशीन मी चालवते, हे शेजारी बसून सांगतील. खोली राहू द्या."

"आणि हा पुन्हा झोपला तर?"

"झोपू दे. मी जागी आहे ना."

मालकांनी झरोक्यातून पडद्यावर चित्र नीट चालतंय ना ते पाहिलं. मग तिला म्हणाले, "उद्या बाराच्या आत वर ये."

खोली राहिली. बाटली सुटली नाही, भांडणंही थांबली नाहीत. टाक्यांचा तो तुकडा ऑपरेटरने भिंतीला लावलाय. येणाऱ्याला दाखवतो, "आमच्या बाईसाहेबांची शिवण!"

"आणि ह्यांची झोप," ती मशीनवरून म्हणते.