एका बटणाची किमया

माझी मावशी एका ऑफिसात बावीस वर्षं टायपिस्ट. तिच्या साहेबांनी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं एक ॲड-ऑन बनवून घेतलं. बटण दाबलं की फाइलमधले तक्ते, समास, अनुक्रमणिका, सगळं आपोआप जागच्या जागी. महिनाअखेर मावशीला निरोप द्यायचं ठरलं. पण ॲड-ऑन विकायला एक देखणी नमुना-फाइल हवी होती, आणि ती करायला मात्र मावशीच हवी होती.

तिने आपल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीच्या सफाईचा अहवाल घेतला आणि बटण दाबलं. तक्ता पानाबाहेर गेला, अनुक्रमणिकेत तिसरं पान दोनदा आलं. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, "बाई, फाइल देखणी हवी. कशी केलीत ते कोण विचारतंय?" मावशीने स्क्रीनला फूटपट्टी लावली आणि दोन दिवस खपून सगळं हाताने बसवलं. खाली लिहिलं, 'एका बटणात तयार'. ते लिहिताना ती जरासुद्धा अडखळली नाही, याचा मला अजून राग आहे.

नमुना पाहून ॲड-ऑन धडाधड खपलं. मग फोन सुरू झाले, की आमची फाइल अशी का दिसत नाही? साहेब प्रत्येकाला सांगतात, "पाठवून द्या, आमचा तांत्रिक विभाग बघेल." तांत्रिक विभाग म्हणजे मावशी आणि तिची फूटपट्टी. निरोपाचं नाव आता कुणी काढत नाही.

गेल्या महिन्यात तिने चष्म्याचा नंबर बदलून घेतला. तेव्हापासून जाहिरातीत येतंय, 'नवी आवृत्ती, आधीपेक्षा अचूक.'