फळी कुणी मोडली?

चार जणांनी मिळून एखादी वस्तू घेतली की किस्से आपोआप साठत जातात, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. आमच्या होडीचे तर इतके साठलेत, की घरी पाहुण्यानं "काय, होडी काय म्हणते?" असं विचारलं की बायको माझ्यापुढं चहाचा कप ठेवते आणि स्वतः शेजारी निघून जाते!

संभाजीनगरात राहून होडी कशाला, असं लोक मला संशयानं विचारतात. विचारू देत. मी स्वतः बत्तीस वर्षं मास्तरकी केली आणि त्यातली निम्मी वर्षं दहावीच्या परीक्षेत कॉप्या पकडल्या. समोरच्यानं नुसतं बाहीचं बटण लावलं तरी त्या बाहीत काय असेल, असं माझ्या मनात येतं. रिटायर झालो, पण सवय काही रिटायर होत नाही.

होडी आणली आमच्या डॉक्टरनं. हा औरंगपुऱ्यात दातांचा दवाखाना चालवतो, वय पन्नास, उत्साह पंधराचा. मुंबईच्या कुणा गृहस्थानं ती जवळजवळ फुकटात दिली. शिडाची, चौदा फुटी. आम्ही ती जायकवाडीच्या काठाला, आण्णांच्या ओळखीच्या शेतात ठेवली. आण्णा म्हणजे आमचे तिसरे भागीदार. वीज खात्यातून रिटायर झालेले, मूळचे त्याच काठचे शेतकरी, बोलायला गोड.

पहिल्याच दिवशी मी होडीभोवती एक फेरी मारली, वाकून आत पाहिलं आणि मला घाम फुटला. होडीच्या बुडाला मधोमध हातभर लांब फट! आरपार!

"डॉक्टर, फसवलं तुम्हाला! फुकट देणारा माणूस फाटकंच देणार!"

डॉक्टरनं फोन लावला, त्या गृहस्थांनी उचलला नाही. माझा संशय पक्का झाला. मग आम्ही लाकूड ठोकून, वरून सील लावून ती फट बुजवून टाकली. पाण्याचा थेंब आत येईना. शीड वर केलं, वारा भरला आणि होडी निघाली. पण पुढं नाही, आडवी! खेकड्यासारखी. आम्ही समोरच्या झाडाकडं बघत होतो आणि झाड शांतपणे उजवीकडं सरकत होतं.

काठावर एक पिळदार मिशांचे गृहस्थ पोट धरून हसत होते. हेच आमचे चौथे भागीदार, सुभेदार, त्या दिवशी उशिरा पोचलेले. फौजेतून रिटायर झालेले, छावणीत राहणारे, आणि शिडाची होडी कधीकाळी चालवलेले.

"अहो, त्या फटीतनं खाली एक फळी सोडायची असते!" ते ओरडले. "सेंटरबोर्ड! तीच होडीला आडवं जाऊ देत नाही. पाणी त्या फटीभोवतीच्या पेटीतच राहतं, होडीत येत नाही! ती फळी कुठंय?"

डॉक्टर हळूच म्हणाला, "होडीबरोबर एक फळी दिली होती खरी... ती बायकोनं इस्त्रीला घेतलीय."

*

फट पुन्हा मोकळी केली. इस्त्रीवरून सोडवून आणलेली फळी पाण्यात गेली आणि फुगली. प्लायवूडच ते. फटीत अशी अडकली की ना वर ना खाली. ठोकून काढली तर थर सुटले. नवी करायला आम्ही छावणीतल्या सलीमचाचांकडं गेलो. चाचांचं सुतारकाम नामांकित. सुभेदारांनी त्यांना नीट समजावलं, की फळीची पुढची कड जाड आणि गोल हवी, मागची निमुळती हवी.

चाचांनी चष्मा कपाळावर घेतला. माझ्यापेक्षा संशयी नजर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"एक बाजू मोटी, एक बाजू पतली? मास्टर, ये कौन बिगाडा?"

"बिगाडा नाही चाचा, तशीच पाहिजे."

"हौ, हौ," चाचा म्हणाले. एखाद्या आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून म्हणतात तसं.

आठ दिवसांनी फळी तयार. चारही कडा गुण्यानं काटकोनात, एका रेषेत, दोरी लावून बघावं! वर दोन्ही बाजूंनी पिस्ता रंगाचा सनमायका, आणि एका टोकाला पितळी मूठ.

"तुम लोगां गडबड में गलत बोल गए थे," चाचा मायेनं म्हणाले. "मैंने बराबर कर दिया."

*

ती पिस्ता रंगाची फळी मी आणि आण्णा स्कूटरवरून हर्सूलला माझ्या घरी आणत होतो, तासून नीट करायला. मी चालवतोय, मागं आण्णा फळी उभी धरून बसलेले. जेलच्या रस्त्याला हवालदारानं शिट्टी मारली.

"हे काय हाय?"

"होडीची फळी," मी म्हणालो.

"होडी कुठंय?"

"जायकवाडीला."

"होडी तिकडं आन् फळी इकडं?" त्यानं आमच्याभोवती सावकाश एक चक्कर मारली. फळीला टिचकी मारली. जेलच्या भिंतीकडं पाहिलं, फळीच्या उंचीकडं पाहिलं. "मूठ कशाला हाय हिला?"

ती चाचांनी प्रेमानं लावलीय, असं मी सांगून पाहिलं. पाऊण तास उभं केलं त्यानं. आण्णा वैतागले, पण मला तो हवालदार फार आवडला. असा माणूस मला परीक्षेच्या हॉलमध्ये हवा होता!

*

फळीला पाणी लागू नये म्हणून वरून काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिनचा चिकट थर चढवायचं ठरलं. हे नाजूक काम डॉक्टरनं स्वतःकडं घेतलं. धूळ नको म्हणून फळी थेट दवाखान्यात नेली आणि पेशंटच्या खुर्चीवर आडवी टाकली. वरून तो मोठा दिवा लावला, तोंडाला मास्क, हातात मोजे. फळी वर-खाली करायची दोरी ओवतात त्या भोकाशी लाकूड किडकं निघालं, ते कोरून साफ केलं आणि त्यात रेझिन भरलं. वास सगळ्या मजल्यावर!

बाहेर बाकावर एक आजोबा दाढ धरून बसले होते. त्यांनी दार किलकिलं करून आत पाहिलं. डॉक्टर फळीवर वाकून मला म्हणत होता, "कीड खोलवर गेलेली दिसतीय. पण काढू नका, वाचवतो मी हिला."

आजोबांनी दार लावलं आणि बाहेर नंबर लावणाऱ्या मुलीला म्हणाले, "बाई, माझी दाढ दुखायची राहिली आता!"

डॉक्टरचं त्या होडीवर असं प्रेम. दोन पेशंटच्या मध्ये तो ड्रॉवरच्या मुठीला गाठी मारायची प्रॅक्टिस करायचा. सुकाणू धरायला मिळालं की त्याचा चेहरा शाळा सुटल्यासारखा व्हायचा. हे मुद्दाम सांगतोय, कारण यापुढं मी त्याच्याशी जे वागलो त्याची मला अजून लाज वाटते.

*

ती फळी मोडली. खालून वीतभर तुकडाच गेला. दुरुस्त केली, महिन्यानं पुन्हा मोडली. खाली दगडात अडकते, वर होडी वाऱ्यानं सरकते आणि फळी कटकन जाते. पण दगडांवर होडी नेली कुणी?

मी चौकशी हातात घेतली. कोण कुठं बसलं होतं त्याचा नकाशा काढला. चहाच्या टपरीवर एकेकाला बाजूला घेऊन वेगवेगळे जबाब घेतले. दोन्ही वेळा सुकाणू डॉक्टरकडं. आण्णा मधे, फळीची दोरी धरून. त्यांचा गुडघा दुखतो म्हणून ते हलकं काम त्यांनी मागून घेतलं होतं.

"डॉक्टरचा हात जरा कडक हाय," आण्णा हळहळत म्हणाले. "दातं उपटून उपटून."

मला तेवढं बस झालं. सगळ्यांसमोर सांगितलं, "डॉक्टर, यापुढं सुकाणूला हात लावायचा नाही."

तो हसेल असं मला वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "सर, मी नाही मोडली." कॉपी केलेली मुलंही मला हेच सांगायची, म्हणून मी लक्ष दिलं नाही. त्याच दिवशी त्यानं आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला. सुभेदारांना निरोप आला, माझा हिस्सा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका.

*

तिसरी फळी सागवानी केली. आण्णा म्हणाले, "वीतभर लांब करा, होडीला जोर येतो." केली. पण होडीत मजा उरली नव्हती. तिघं जण गप्प बसून पाणी कापायचो. शेवटी मी दाढ दुखतीय असं सांगून औरंगपुऱ्यात गेलो.

डॉक्टरनं मला खुर्चीत निजवलं, आ करायला लावलं, तोंडात आरसा घातला, कापूस घातला, पाणी ओढायची नळी घातली. मग शांतपणे म्हणाला, "हां सर, आता बोला. फळी कुणी मोडली?"

"आँ... आँ..." मी म्हणालो.

"बरं. या रविवारी येतो. पुढं बसेन, कशालाही हात लावणार नाही. तरी मोडली तर ती मी मोडत नव्हतो एवढं तुम्हाला कळेल. नाही मोडली, तर मी गेलो म्हणून समजा."

दाढ ठणठणीत निघाली. मी सुन्न होऊन घरी आलो.

*

तो रविवार. उन्हाळ्याचे दिवस, पाणी बरंच उतरलेलं. डॉक्टर पुढं तोंड फिरवून बसलेला. सुकाणू सुभेदारांकडं. आण्णा मधे, दोरी धरून. मी आण्णांच्या समोर. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं, की फळी मोडावी!

"सुभेदार, जरा डावीकडं घ्या," आण्णा म्हणाले. "तिकडं वारा लई चांगलाय."

सुभेदारांनी घेतलं. वारा तिथं जेमतेमच होता. आणि मग मी पाहिलं. आण्णांनी इकडंतिकडं बघितलं आणि हळूच दोरी सैल सोडली. फळी सरसर खाली गेली. खट्ट! आण्णांनी ती जरा वर ओढली, होडी हातभर पुढं जाऊ दिली, पुन्हा सोडली. खट्ट!

"आण्णा!" मी ओरडलो. "काय करताय?"

"कुठं काय? बघतोय."

"काय बघताय?"

आण्णांनी मान खाली घातली. "बांध."

"कसला बांध?"

"आमचा. इथं खाली आमचं रान हाय ना. धरणात गेलं त्ये. पलीकडं चुलत भावाचं, नामदेवाचं. मधी दगडी बांध." ते एकदम पेटले. "दर साली पाणी उतरलं की गाळावर आम्ही टरबूज-काकडी लावतो. अन् दर साली माझ्याकडचं रान कमी भरतं! नामदेव बांध सरकवतोय, सर."

"पाण्याखाली?"

"पाण्याखालीच तर सरकवतो! वर असतो तवा मी बघत असतो ना!"

"मग पाण्यात उतरून बघा की!"

"काळा गाळ हाय. माणूस कमरेइतका आत जातो. ही फळी बेस्ट!"

"आण्णा, ती जमीन सरकारनं कधीच घेतलीय."

"जमीन घेतली. बांध नाय घेतला."

मी डॉक्टरकडं वळलो. बत्तीस वर्षांत एकाही मुलाची माफी मागितली नव्हती मी. "डॉक्टर, चुकलो. तुम्ही नव्हती मोडली. माफ करा मला."

डॉक्टर उठला, तोल सांभाळत मागं आला आणि सुभेदारांच्या हातातून सुकाणू घेतलं. सुभेदार निमूट सरकले. डॉक्टरनं एकदा शिडाकडं पाहिलं, एकदा पाण्याकडं.

"आण्णा, बांध इथून कुठपर्यंत जातो? मी होडी सरळ त्याच्या रेषेत धरतो. फळी हळू सोडा, म्हणजे मोडणार नाही."

आण्णांचे डोळे भरून आले. "त्या बाभळीच्या नाकासमोर, डॉक्टर. येकदम सरळ. माझ्या बापानं दोरी लावून घातलेला हाय."

होडी निघाली. खट्ट. खट्ट. खट्ट. तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली. थर्माकोलच्या तराफ्यावर एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते, डोक्याला टॉवेल, हातात लांब बांबू. बांबूचं टोक पाण्यात खुपसून तेही तळ चाचपत होते.

"सरळ नका जाऊ, साहेब!" नामदेवराव कळवळून ओरडले. "मधी वाकडा हाय त्यो! फळी मोडंल तुमची!"

डॉक्टरनं होडी वाऱ्याकडं वळवून थांबवली. आण्णांनी फळी सावकाश वर ओढली, दोरी खुंटीला बांधली आणि गोड आवाजात विचारलं,

"वाकडा? कवापासनं रे, नामदेवा?"