बजाबाईनं घेऊ न दिलेली नक्कल

माळशिरसकडच्या माळावर बजाबाईचा शब्द चालायचा. मेंढरांची वाटणी असो की सुनांची कुरबुर, ती एकदा बोलली की विषय संपला. तिच्या वाडीत पंचांनी निकाल दिला की बिरुदेवाचा भंडारा, ती हळद, पुढं करायचे. हातावर घेतली तर निकाल मान्य. नसेल मान्य, तर मूठ आवळायची.

शेतात मेंढरं शिरल्यावरून मारामारी झाली, एक माणूस मेला आणि सोलापूरच्या कोर्टानं तिच्या पोराला, गुंडा त्याचं नाव, दहा वर्षं दिली. कारकुनानं निकालाची फुकटची नक्कल पुढं केली, तशी बजाबाई मागच्या बाकावरून ओरडली,

"घेऊ नगंस गुंडा! मूठ आवळ!"

त्यानं आवळली ती आवळलीच. जेलमध्येही कशावर सही करेना.

मोफत कायदेशीर मदतीच्या वकील पूनम बजाबाईला घेऊन जेलच्या फाटकाशी आल्या.

"आजी, कागद घेतला म्हणजे गुन्हा कबूल केला असं नसतं हो. त्याच्याशिवाय हायकोर्टात भांडायचं कशावर? साक्षी-जबाबांच्या नकलाही फुकट मागू. अर्जावर फक्त गुंडाची सही हवी. अपिलाची मुदत संपत आलीय."

"फुकट देत्यात मंजी कायतरी गळ्यात घालत्यात."

"बरं. साक्षीदार काय बोलले, आठवतंय?"

"मला कुटं ऐकू आलं? आमच्या पंचात माणूस उभा ऱ्हाऊन खणखणीत बोलतो. हितं जो तो जज्जाच्या कानात पुटपुटला. त्यो टायपिंगवाला तेवढा ऐकत हुता."

"त्यानं टाइप केलेलंच मागायचंय."

बजाबाई फाटकाकडं वळली. मग म्हणाली, "चल आत."

जाळीपलीकडं गुंडा आला. वाळला होता.

"सही कर," बजाबाई म्हणाली.

"तूच म्हनलीस न्हवं, मूठ आवळ म्हनून?"

"व्हय. आन् आता मीच म्हनतीया, उघड."

"वाडी हसंल, आये. बजाबाईचं पोरगं वाकलं म्हंतील."

"हसू दे की. मला हसतील. तुझं काय जातंय?"

गुंडानं जाळीत बोटं अडकवली. "पन तुला ते कशाला ऐकायचंय? मी सांगितलंय न्हवं, मी न्हाय मारलं."

"तुझं ऐकलंय रं. त्यांचं न्हाय ऐकलं."

त्यानं जाळीतली बोटं सोडवली. "आटपा, आटपा," शिपाई ओरडला. गुंडानं जाळीखालून अर्ज ओढून घेतला, सही केली आणि आईकडं न बघता आत गेला.

बाहेर पूनमनं सुस्कारा टाकला. "झालं आजी! नकला आल्या की अपिलाला लागते."

"आदी मला वाचून दाखव."

"सगळं? दिवस जाईल."

"जाऊ दे. त्याच्या विरुद्ध बोललेत, ते पयलं. मोठ्यानं वाच." बजाबाईनं पदर तोंडाशी धरला. "आन् मी थांब म्हनलं तरी थांबू नगंस."