पाणी मोडणारे तांडेलचाचा

तांडेलचाचांना शांत पाणी बघवत नसे. यार्डातल्या नळाखाली बादली भरलेली दिसली, तरी जाता जाता तिच्यात बोटं फिरवल्याशिवाय ते पुढे जायचे नाहीत. उम्म अल कुवैनच्या खाडीवर हिवाळ्यात वारा पडला की पाणी असं थिजून जायचं, की आकाश कुठे संपलं ते कळू नये. आम्ही कौतुकाने बघत उभे राहायचो. चाचा मात्र कपाळाला आठ्या घालून होडीचं इंजिन सुरू करायचे, खाडीत दोन-चार वळसे मारायचे, सगळं पाणी ढवळून टाकायचे आणि मुकाट्याने परत यायचे. याला ते ‘पाणी मोडणं’ म्हणत.

“चाचा, व्हाय आर यू स्पॉइलिंग इट?” माझी लेक सई एकदा वैतागून ओरडली होती.

“गुळगुळीत पाण्यावर भरोसा ठेवू नये, बेटा,” एवढंच ते म्हणाले. सईला ते उत्तर पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

आम्ही तिथे राहायला गेलो ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. यांची नोकरी तिथल्या फॅक्टरीत, माझी शाळेत. घरामागे एका अरबाचं होड्या दुरुस्तीचं यार्ड होतं आणि चाचा त्याचे राखणदार, रंगारी, सुतार, सगळं काही. मूळचे रत्नागिरीकडचे. तरुणपणी दुबईच्या खाडीत एका लाँचचे तांडेल, म्हणजे प्रमुख खलाशी होते, ते नाव त्यांना कायमचं चिकटलं. मी कुंपणापलीकडून सईवर मराठीत ओरडत होते, ते ऐकून ते पहिल्यांदा बोलायला आले. “बाय, तू आपल्याकडची हायस होय?” म्हणाले. त्या ‘बाय’ने माझा परकेपणा निम्मा संपवला.

स्वभावाने माणूस चोख आणि थोडा खडूस. हेल्परने ब्रश न धुता ठेवला तर दिवसभर त्याच्याशी बोलायचे नाहीत. चहा बशीत ओतला की फुंकर मारून मारून इतका हलवायचे, की अर्धा लुंगीवर. शुक्रवारी मात्र इस्त्रीचा सदरा घालून टॅक्सीने दुबईला जायचे आणि उन्हं उतरल्यावर यायचे. गाववाले भेटत असतील, असं मी धरून चालले होते. “चाचा, दुबईत कुणी ठेवलीय की काय?” म्हणून मी चिडवायचे. ते हसायचे, पण सांगायचे नाहीत.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. हा माणूस घरी जायचा नाही. लग्न केलेलं नव्हतं. चार-पाच वर्षांनी कधीतरी जायचे, ते रत्नागिरीत बहिणीकडे उतरायचे आणि गाव न बघता परत यायचे.

“गावात कोण आहे तुमचं?” मी विचारलं.

“भाबी हाय. मोठ्या भावाची बायको.”

“मग तिला भेटत का नाही?”

“इन्शाल्ला,” म्हणाले आणि उठून गेले. नको असलेला विषय इन्शाल्लावर टाकायची तिथे सगळ्यांनाच सवय. मीही तो सोडून दिला.

एका सुट्टीच्या सकाळी आम्ही सगळे खाडीच्या काठावर डबे उघडून बसलो होतो. वारा अजिबात नव्हता. तेवढ्यात पाण्यावर उतरणारं एक छोटं हौशी विमान घिरट्या घालत खाली येऊ लागलं. सई टाळ्या पिटत होती. चाचांच्या हातातली बशी वाळूत पडली. त्या वयात माणूस असा धावू शकतो, हे मी बघितलं नसतं तर मानलं नसतं. त्यांनी होडी सुरू केली आणि विमानाच्या थेट वाटेत घालून पाणी उभं-आडवं कापत सुटले. विमान दचकून वर उठलं, लांब वळसा घेऊन आलं आणि मग त्या मोडलेल्या पाण्यावर अलगद उतरलं.

काठाशी येताच वैमानिक हिंदीत गरजला, “अरे चाचा, मरना है क्या?”

चाचा होडीत तसेच बसून होते. “नाय साहेब,” ते मराठीतच म्हणाले, “कुणी मरायला नको होता.”

त्या दुपारी यार्डाच्या सावलीत त्यांनी मला सगळं सांगितलं. मोठ्या लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या, वर्षांत दुबईच्या खाडीत इंग्रजांच्या उडत्या बोटी उतरायच्या. पोट होडीसारखं, पंखांखाली बॉम्ब. पहाटे निघायच्या आणि दिवस दिवस समुद्रावर पाणबुड्या हुडकत फिरायच्या. व्यापारी जहाजांना सोबत करायच्या, आणि एखादं जहाज बुडालं तर त्याची माणसं शोधायच्या. पाणी आरशासारखं असलं की वैमानिकाला ते नेमकं किती खाली आहे ते दिसत नाही. म्हणून विमान यायच्या आधी लाँचने पाणी मोडून ठेवायचं. ते काम चाचांचं.

त्यांचा मोठा भाऊ हुसेन मालाच्या जहाजावर खलाशी होता. ओमानच्या समुद्रात पाणबुडीने ते जहाज बुडवलं. गस्तीवरच्या उडत्या बोटीला वाचलेल्यांचा पडाव, म्हणजे छोटी होडी, दिसला. समुद्र निवांत होता, म्हणून वैमानिकाने धाडस करून तिथेच उतरून माणसं उचलली आणि दुबईकडे निघाला. आत भाऊ आहे, हे चाचांना ठाऊक नव्हतं.

“मी पाणी मोडून ठेवलेला. मंग निरोप आला, विमानाला उशीर हाय. आदल्या दिवशीच इंग्रज साहेब पेट्रोल फार जळतो म्हणून बोललेला. मी इंजिन बंद केला. पाणी परत गुळगुळीत झाला. आवाज आला तेव्हा दोरी ओढली, ओढली, इंजिन घेईना.” चाचांनी दोरी ओढल्यासारखा हात मागे नेला. “विमान आपटलं, शेपूट मोडलं. पुढचे वाचले. हुसेन शेपटाकडं झोपलेला. पेट्रोल वाचवलं मी, बाय.”

साहेबाने त्यांना दोष दिला नाही. गावी निरोप गेला तो एवढाच, की जहाज बुडालं आणि हुसेन गेला. खोटं त्यात काही नव्हतं. पुढचं चाचांनी कुणालाही सांगितलं नाही. भाबीसमोर उभं राहायची हिंमत झाली नाही, म्हणून गावच सुटलं. मला फार वाईट वाटलं. एक निष्ठुर शंकाही आली, की जिच्यापासून हे लपवलं तिला काय हवं होतं, हे कधी कुणी विचारलं होतं का? पण त्या दिवशी ती शंका बोलायची नव्हती.

दोन हजार सालानंतर किनाऱ्याच्या जमिनींना भाव आला आणि अरबाने यार्ड विकलं. चाचांचा व्हिसा त्याच्याच नावावर होता. “खलास, बाय,” ते म्हणाले, “आता जायलाच लागंल.” बहीण वारली होती. राहायला एकच घर उरलं होतं, भाबीचं.

जायच्या आधी ते आमच्याकडे जेवायला आले. सोलकढी ढवळत बसले. मग विचारलं, “तू शिकवतेस पोरांना. सांग, म्हातारीला आता सांगू, की तसाच तिच्या दारात राहू?”

“सांगा,” मी म्हटलं. “तिने हाकललं, तर आमचं पुण्याचं घर आहे.”

“हाकललं तर बरा हाय,” ते म्हणाले. “बघत बसली तर?”

विमानतळावर सईने त्यांना मिठी मारली आणि नेहमीचं इंग्रजी सोडून म्हणाली, “चाचा, परत या.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आत जाताना एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्यांना आता पुढचीच भीती मोठी होती. यार्डाच्या रिकाम्या जागेकडे पुढे कितीतरी दिवस मला बघवलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

“बाय, सांगितला.”

“काय म्हणाल्या?”

“आधी सगळा ऐकून घेतला. मंग म्हणाली, म्हणजे तो दर्यात बुडाला नाय? त्याला वर काढलेला? मी म्हटला, हो. म्हणाली, जन्मभर मी डोळे मिटले की तो मला पाण्यात एकटा दिसायचा रे. तेवढा तरी सांगायचास.”

“मग?” मी विचारलं.

“मंग तिनं विचारलं, माती कुणी दिली? मी म्हटला, मी. ह्याच हातांनी. दुबईत कबर हाय त्याची, दर शुक्रवारी जायचो, साफ ठेवायचो.”

त्यांचे शुक्रवार मला तेव्हा कळले.

“तेव्हा रडली ती,” चाचा म्हणाले. “खूप रडली. आणि म्हणाली, बस, चा टाकते.”